‘प्रीती’ वाटते की करायची असते?

प्रश्न असा आला आहे : “प्रवचनात ‘देवाची प्रीती रोजच्या नात्यांत आचरा’ असं ऐकलं. प्रीती ही तर भावना, ती आचरणार कशी? आणि सरळ ‘प्रेम’ न म्हणता ‘प्रीती’ का?”

आधी दुसरा भाग. दोन्ही शब्द संस्कृतातल्या ‘प्री’ धातूच्या कुळातले, म्हणजे सख्खे नाही तरी चुलत. एक नपुंसकलिंगी, एक स्त्रीलिंगी, एवढंच. पण भावगीतांनी आणि कादंबऱ्यांनी ‘प्रीती’ला प्रियकर-प्रेयसीच्या हवाली केलं, ‘प्रीतिविवाह’ही रूढ झाला, आणि दुसरीकडे मराठी बायबलने तोच शब्द नव्या कराराच्या मूळ ग्रीकमधल्या ‘अगापे’साठी, म्हणजे तिथल्या प्रेमवाचक शब्दासाठी, पक्का धरला. त्यामुळे ‘जशी स्वतःवर तशी आपल्या शेजाऱ्यावर प्रीती कर’ हे वाक्य बाहेरच्या माणसाने पहिल्यांदा ऐकलं तर त्याच्या भुवया उंचावतात. ख्रिस्ती घरात वाढलेल्याला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

‘अगापे म्हणजे दैवी प्रेम’ असं सर्रास सांगितलं जातं. शब्दापुरतं हे खरं नाही. जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात दावीद राजाचा मुलगा अम्नोन याच्या सावत्र बहीण तामारेविषयीच्या वासनेलाही हाच शब्द आहे, आणि देमास या सहकाऱ्याने प्रेषित पौलाला सोडलं ते जगावर ‘अगापे’ केल्यामुळेच (२ तीमथ्य ४:१०). दैवीपण शब्दात नाही, वापरात आहे. ‘देवाने जगावर एवढी प्रीती केली’ (योहान ३:१६) या वाक्यात पुढे लगेच, आपला पुत्र ‘दिला’, हे क्रियापद येतं. प्रीती कसली, ते तिथे कळतं.

आता मुख्य मुद्दा, तो क्रियापदाचा. मराठीत प्रेम वाटतं, बसतं, जडतं. म्हणजे ते आपल्याला होतं, सर्दीसारखं. बायबलच्या मराठीत मात्र प्रीती ‘करतात’, आणि तीही आज्ञार्थात. ‘तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा’ (मत्तय ५:४४) यात ‘वाटू द्या’ म्हटलं असतं तर आज्ञा पाळणं अशक्य होतं. वैऱ्याबद्दल जिव्हाळा हुकमी वाटत नाही. त्याच्यासाठी प्रार्थना करता येते, आणि त्याच वचनात तेच सांगितलं आहे. म्हणून ‘प्रीती आचरा’ हा प्रयोग कानाला जड असला तरी चूक नाही. इफिसकरांस पत्रात (५:२) तर प्रीतीने ‘चालायला’ सांगितलं आहे.

पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्रातल्या तेराव्या, प्रीतीवरच्या अध्यायाची (१ करिंथ १३) गंमत इथेच आहे. ‘प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे’ ही मराठीत विशेषणं झाली. मूळ ग्रीकमध्ये तीही क्रियापदं आहेत. चौथ्या ते सातव्या ओवीपर्यंत प्रीती काय करते आणि काय करत नाही, एवढंच येतं. ‘अपकार स्मरत नाही’ यातलं ग्रीक क्रियापद हिशेबाच्या वहीतलं आहे : जमेला धरणे, खाती मांडणे. नवरा-बायकोच्या भांडणात ‘तेव्हाही तू असंच केलं होतंस’ हे वाक्य निघालं की वही उघडली म्हणून समजावं.

आणि माझं आवडतं : ‘प्रीती फुगत नाही’. मुळात अर्थ गर्वाने फुगण्याचा. पण मराठीत माणसं रुसूनही फुगतात, गाल फुगवून कोपऱ्यात बसतात. लहानपणी मी हे वाक्य तसंच समजत होतो : प्रीती अबोला धरत नाही. भाषांतरकाराच्या मनात ते नसणार, ग्रीकमध्ये तर नाहीच. तरी चार माणसांच्या घरात गर्वापेक्षा अबोल्याचेच प्रसंग जास्त, म्हणून हा चुकीचा अर्थ मी अजून सोडलेला नाही.

जाता जाता शुद्धलेखन : सुटा शब्द ‘प्रीती’, दुसरी वेलांटी दीर्घ, समासात मात्र ऱ्हस्व, जसं ‘प्रीतिभोजन’. हा शब्दही याच कुळातला. यहूदाच्या पत्रात (ओवी १२) ख्रिस्ती मंडळीच्या एकत्र जेवणाला ‘अगापे’चंच अनेकवचन वापरलं आहे.