टस्कनीचा हट्ट सोडा, बाबांना पारेंझानावर न्या

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की तुम्ही श्टुटगार्टला, बाबा सप्टेंबरमध्ये नाशिकहून येतायत, वय साठीच्या पुढे पण रोज सायकल चालवणारे, त्यांना चार दिवस ग्रॅव्हल बाइकवर, म्हणजे खडीच्या कच्च्या रस्त्यांसाठीच्या जाड टायरच्या सायकलवर, द्राक्षमळ्यांतून आणि चुनखडीच्या टेकड्यांतून फिरवायचंय, गाड्या नकोत, घाट चढायला लावायचे नाहीत, खाणं शाकाहारी, तर टस्कनीचे पांढरे रस्ते कसे राहतील?

माझं सरळ मत, नको. टस्कनी सुंदर आहे यात वादच नाही, पण ते पांढरे रस्ते म्हणजे चालू सार्वजनिक रस्ते आहेत, त्यावरून गावातल्या गाड्या जातात, पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या जातात, आणि कोरड्या दिवसात एक गाडी गेली की पुढची दोन मिनिटं तुम्ही धूळ खाताय. शिवाय तिथले चढ आखूड पण खडे असतात, दहा-बारा टक्के सहज, काही ठिकाणी त्याहून जास्त. तरण्या पोरांना मजा येते, साठीच्या माणसाला चार दिवस रोज तेच म्हणजे शिक्षा.

गाड्या नकोत आणि चढही नको या दोन्ही अटी एकदम पाळायच्या तर माझ्या मते एकच उपाय, जुनी बंद पडलेली रेल्वे लाइन शोधायची. इंजिनाला चढ झेपत नाही म्हणून चढाचा प्रश्न इंजिनिअरांनी शंभर वर्षांपूर्वीच सोडवून ठेवलेला असतो. आणि भूमध्य भागात द्राक्षमळे, चुनखडी, समुद्र सगळं एका लाइनीवर पाहिजे असेल तर क्रोएशियातल्या इस्त्रियामधली पारेंझाना.

ही ऑस्ट्रिया-हंगेरीच्या काळातली लाइन, आताच्या इटलीतलं त्रिएस्ते ते क्रोएशियाच्या किनाऱ्यावरचं पोरेच, साधारण 123 किलोमीटर, 1902 मध्ये सुरू झाली आणि 1935 मध्ये बंद. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, 760 मिलिमीटर, आपली बार्शी लाइट किंवा विदर्भातली शकुंतला 762 ची होती, जवळपास तेवढीच. बाबांना हे नक्की सांगा, त्या पिढीला बार्शी लाइट म्हटलं की लगेच चित्र उभं राहतं. गाडी इतकी सावकाश चालायची की चढावर प्रवासी उतरून मळ्यातली द्राक्षं तोडून परत चढायचे असं तिथे अजून सांगतात. वाऱ्यापुढेही टिकायची नाही, 1910 मध्ये त्रिएस्तेजवळच्या मुज्जा गावापाशी बोरा नावाच्या तिथल्या सोसाट्याच्या थंड वाऱ्याने अख्खी गाडी उलथवली होती. आता रूळ नाहीत, रुळाच्या जागेवर खडीची सायकलवाट आहे, आणि वाट जुन्या लाइनीवर आहे तोवर चढ तीन टक्क्यांच्या आत राहतो. चढतोय हे कळतं पण दम लागत नाही.

तीन देशांतून जाते, पण सगळी करायचा मोह टाळा. इटलीतला तुकडा छोटा आहे, स्लोव्हेनियातला बराचसा डांबरी आणि किनाऱ्यालगतच्या गावांतून जाणारा, चांगला आहे पण तुम्हाला पाहिजे ते हे नाही. खरा माल क्रोएशियात, बुये ते पोरेच, साठ-सत्तर किलोमीटर, चार दिवसांत रमतगमत. एका दिवसात करणारे लोक आहेत, त्यांच्याशी स्पर्धा नाही आपली.

दिशा बुयेकडून पोरेचकडे ठेवा. पहिला दिवस बुये ते ग्रोझन्यान, दहाएक किलोमीटर फक्त, हळूहळू चढत. ग्रोझन्यान हा लाइनीचा सगळ्यात उंच टप्पा, जेमतेम 293 मीटर. दुसऱ्या महायुद्धानंतर इथले बरेच इटालियन लोक निघून गेले आणि गाव ओस पडायला आलं, मग 1965 पासून चित्रकार-शिल्पकारांना इथे घरं दिली, त्यामुळे आता गल्लीबोळात गॅलऱ्या. मुक्काम इथेच करा, दिवसाचे पर्यटक गेले की संध्याकाळी गाव तुमचंच.

दुसरा दिवस ग्रोझन्यान ते लिवादे, आणि सगळ्या ट्रिपमध्ये मला सगळ्यात आवडतो तो हा. सरळ रेषेत नऊ-दहा किलोमीटरचं अंतर पण लाइन डोंगराच्या कडेने वळसे घेत वीसेक किलोमीटर करते, बोगदे, दगडी पूल, मध्ये झावर्श्ये नावाचं अर्धं रिकामं गाव ज्याचा घंटामनोरा थोडा कललाय, पुढे ओपर्ताल. जिथे डोंगर कापून लाइन काढलीय तिथे दोन्ही बाजूंना पांढऱ्या चुनखडीच्या पातळ थरांच्या भिंती, हात लावला तर सप्टेंबरच्या दुपारीही गार, आणि थरांच्या फटीतून अंजिराची रोपटी बाहेर आलेली. बोगद्यातून बाहेर पडताना मात्र सावध, पांढऱ्या खडीवरचं ऊन एकदम डोळ्यावर येतं आणि नेमकी तिथेच खडी सुटी असते. उतार आहे म्हणून हा तुकडा सोपा समजू नका, गोटीएवढे दगड चाकाखालून सरकतात, पुढचा ब्रेक करकचून दाबला की चाक गेलंच. मागचा ब्रेक, वजन मागे, वेग कमी. बाबा रोडवर चालवत असतील तर त्यांना हे आधी एखाद्या कच्च्या रस्त्यावर करायला लावा.

लिवादे खाली मिर्ना नदीच्या खोऱ्यात. 1999 मध्ये इथल्याच जानकार्लो झिगांते यांना 1.31 किलोचा पांढरा ट्रफल (जमिनीखाली वाढणारी, मशरूमसारखी महागडी बुरशी) सापडला, तेव्हाचा गिनेस रेकॉर्ड, तेव्हापासून गावात सगळं ट्रफलमय. गावात पारेंझानाचं छोटं म्युझियम आहे, तेही बघा. समोर टेकडीवर मोतोवुन, खालून वर जायला 1052 पायऱ्यांचा जिना आहे म्हणतात, सायकल खालीच ठेवा. फॉर्म्युला वनचा चॅम्पियन मारिओ आंद्रेत्ती या गावात जन्मला, हे आपलं उगाच.

तिसऱ्या दिवशी मोतोवुनखालच्या लांब बोगद्यातून विझिनादाकडे परत चढ, तोच रेल्वेचा मवाळ. आणि इथून पुढे बाबांचा दिवस. मिर्नाच्या आसपासची माती राखाडी, चिकणमातीसारखी, आणि विझिनादा-विश्न्यानच्या पठारावर आलात की एकदम लालभडक. लाल माती, त्यात पांढरे चुनखडीचे दगड, शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते वेचून बांधावर रचलेले, चुना-सिमेंट काही नाही. व्हेनिसच्या बांधकामात इस्त्रियाची चुनखडी भरपूर वापरलीय. द्राक्ष मुख्यतः दोन, पांढरी माल्वाझिया आणि काळी तेरान. नाशिकच्या मांडवासारखं डोक्यावर काही नाही, तारेवर कमरे-छातीएवढ्या ओळी, घड लहान, मणी लहान, सालीला जाड, सगळं वाइनसाठी. सप्टेंबरमध्ये तोडणी चालू असते, बाबा बांधावर थांबले आणि हाताने विचारलं तरी लोक बोलतात, बऱ्याच जणांना इटालियन येतं आणि थोडंफार जर्मनही, म्हणजे तुमचं काम झालं. फक्त त्या जुन्या प्रवाशांसारखं उतरून घड तोडू नका! वाइनरीत चव घ्यायची तर दिवसाचं सायकलिंग संपल्यावर, दारूचा नियम सायकलवाल्यालाही आहे आणि खडीलाही माफी नसते.

लाल माती कोरडी असताना सोनं, पावसानंतर मात्र टायर आणि फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दांड्यांच्या) मध्ये अशी भरते की चाक फिरत नाही. मुख्य वाटेवर खडी आहे म्हणून चालतं, पण मळ्यांतल्या आडवाटांना पावसानंतर एक दिवस तरी जाऊ नका.

चौथा दिवस विश्न्यान ते पोरेच, उतरत समुद्राला. पोरेचजवळ घरं, क्रॉसिंग, थोडा गावातला रस्ता येतो, हे आधीच सांगतो, म्हणजे शंभर टक्के गाडीमुक्त म्हणून मला नंतर बोल लावू नका. बाकी वाटेवर डांबरी रस्ते ओलांडावे लागतात आणि क्वचित एखादा ट्रॅक्टर. पोरेचला सहाव्या शतकातलं बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, आहे, युनेस्कोच्या यादीतलं, आतले मोझेक बघायला अर्धा तास काढाच.

पाणी. चुनखडीत पाऊस थेट जमिनीत मुरतो, पठारावर ओढे-नाले नाहीत, दोन बाटल्या प्रत्येकी भरूनच निघा. गावाच्या स्मशानभूमीत बहुतेक नळ असतो, युरोपातल्या सायकलवाल्यांचा हा जुना आधार. जुलै-ऑगस्ट टाळताय ते बरंय.

शाकाहारी खाण्याची अडचण नाही पण विचारून घ्या. फुझी किंवा प्ल्युकान्त्सी हा तिथला हाताने केलेला पास्ता, ट्रफल किंवा मशरूम घालून मिळतो, चीज चांगलं, बटाटा घातलेली ब्लित्वा म्हणजे पालकासारखी भाजी. मानेश्त्रा सूप भाज्यांचं दिसतं पण त्यात बऱ्याचदा डुकराचं हाड टाकलेलं असतं. "बेझ मेसा", मांस नको, एवढं पाठ करा. बाबा अंडं खात असतील तर प्रश्नच मिटला.

व्हिसा: क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, आहे आणि युरोही तेव्हापासूनच, त्यामुळे बाबांचा शेंगेन व्हिसा चालतो, वेगळं काही नाही. पण स्लोव्हेनियाच्या हद्दीवर मधूनमधून तपासणी होते, तेव्हा त्यांचा पासपोर्ट आणि तुमचं रेसिडेन्स कार्ड गाडीच्या बॅगेत नको, जवळ ठेवा.

सायकल तिथेच भाड्याने घ्या, पोरेच आणि आसपास मिळतात. टायर 40 मिलिमीटरच्या खाली घेऊ नका, बाबांसाठी 45 असेल तर उत्तम, हवा थोडी कमी. तुम्ही म्हणाल ग्रॅव्हलच पाहिजे, पण त्यांना ड्रॉप हँडलची (खाली वळलेल्या हँडलची) सवय नसेल तर सरळ हँडलची हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन असलेली माउंटन बाइक, द्या, चार दिवसांत मान धरणार नाही. ई-बाइकची गरज मला तरी वाटत नाही. गाडी पोरेचला ठेवा आणि सायकल देणाऱ्यांकडूनच बुयेला सोडायची सोय होते का, सामान पुढच्या मुक्कामी नेतात का, ते बुकिंगआधी ईमेलवर विचारा, बरेच जण करतात. हेडलाइट बोगद्यांसाठी हवाच, काही बोगद्यांत दिवे आहेत पण त्यांच्या भरवशावर राहू नका. आणि संध्याकाळी पाय, गुडघ्यामागे नीट बघा, गवतात गोचीड असतात.

बाबांची उंची आणि पायाची आतली लांबी कळवा, फ्रेमचा साइज सांगतो.