गाणी येतात, इंग्रजी येत नाही

“ताई, अकरा गाणी पाठ आहेत त्याला. पण कुणी इंग्रजीत साधं नाव विचारलं तरी मान खाली घालून बसतो. वर्गात काही शिकवतात, की नुसता गाण्यांतच वेळ जातो?”

सहा वर्षांच्या मुलाची आई विचारत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरात इंग्रजी कुणी बोलत नाही. हीच काळजी घेऊन बरेच पालक माझ्याकडे येतात.

पहिल्या भेटीत मी त्यांना ‘मूक काळ’ समजावून सांगितला. नवी भाषा कानावर पडू लागली की बरीच मुलं काही आठवडे, कधी काही महिने बोलत नाहीत, ऐकतात, साठवतात. हे खरंच आहे. पण मुलाला नीट न पाहता मी ते सांगून मोकळी झाले, ही माझी चूक होती.

दुसऱ्या भेटीत त्याला गायला सांगितलं. वर्गातल्या बाईंनीच रचलेलं गाणं होतं, त्यात एक ओळ होती: ‘व्हेअर इज माय ब्लू हॅट?’ ठेका, उच्चार, सगळं सुरेख. कुठल्या शब्दावर जोर द्यायचा आणि कुठला भरभर सोडून द्यायचा, हे इंग्रजीत फार महत्त्वाचं असतं. ते त्याला चालीतून आपोआप आलं होतं. मग मी निळा खडू दाखवून विचारलं, “हा रंग कोणता?” तो गप्प. पण ओठ हलत होते. गाणं पहिल्या ओळीपासून पुटपुटत तो त्या शब्दापाशी पोहोचला आणि मोठ्यांदा म्हणाला, “ब्लू!”

सात सक किती, असं विचारलं की काही मुलं सात एके सातपासून निघतात, तसंच हे. शब्द त्याच्याकडे होता, पण माळेत घट्ट ओवलेला. इंग्रजी मुळाक्षरांच्या गाण्यात एल-एम-एन-ओ-पी इतकी घाईने येतात, की ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा लहानग्यांनाही ते एकच अक्षर वाटतं. चालीत बांधलेलं लक्षात मात्र राहतं. एडिनबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी ६० प्रौढांना १५ मिनिटं हंगेरियन वाक्प्रयोग शिकवले होते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, गाऊन शिकलेल्या गटाला ते नुसतं बोलून शिकलेल्यांपेक्षा चांगले म्हणता आले. प्रयोग मोठ्यांवरचा होता, तरी गाण्यात जाणारा वेळ वाया जात नाही, असं आईला सांगायला मला तो उपयोगी पडला.

मग माळ सोडवायची कशी? मी आईला म्हटलं, नवीन गाणी थांबवा. एकच गाणं घ्या. गाता गाता ‘ब्लू’च्या आधी थांबा आणि तो शब्द त्याला भरू द्या. दोन दिवसांनी ‘हॅट’च्या जागी हाताशी असेल ती वस्तू घाला. शेवटी चाल काढून टाका आणि तीच ओळ खरोखर काहीतरी शोधताना बोला. उच्चार चुकला तर मध्ये टोकू नका. तुम्ही फक्त नीट म्हणा, तो ऐकतोच आहे.

“आणि पाहुणे आले की?” त्यांनी विचारलं. घरात प्रत्येक पाहुण्यापुढे त्याला उभं करून गायला लावत होते. अकरा गाण्यांचा हिशेब तिथूनच आला होता. मुलाच्या लेखी इंग्रजी म्हणजे लोकांपुढे न चुकता सादर करायची गोष्ट झाली होती. अशा मुलाला अचानक नाव विचारलं तर तो मान खालीच घालणार. मी त्यांना हे स्पष्ट सांगितलं आणि पाहुण्यांपुढचं गाणं बंद करायला लावलं. आईचे डोळे भरून आले. त्यांनी ते प्रेमापोटी केलं होतं, यात मला शंका नव्हती.

पाच आठवड्यांनी दोघं पुन्हा आली. नाव विचारल्यावर तो अजूनही गप्पच. पण निघताना दाराशी एक चप्पल सापडेना. तो वाकून कपाटाखाली बघत होता आणि स्वतःशीच बोलत होता, अर्धं चालीत, अर्धं चालीविना:

“व्हेअर इज माय... शू?”

आईने उत्तर दिलं नाही, कौतुकही केलं नाही. त्याच्या शेजारी बसून तीही कपाटाखाली बघू लागली.