"माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाहीये, काकू"

सप्टेंबर आला की अमेरिकेतल्या लॉ स्कूलचे अर्ज सुरू होतात आणि न्यू जर्सीतल्या आपल्या मराठी घरांमधून मला हमखास एक प्रश्न येतो, डायव्हर्सिटी स्टेटमेंटमध्ये, म्हणजे आपल्या वेगळ्या पार्श्वभूमीवरच्या छोट्या निबंधात, लिहायचं काय, आमच्या मुलांनी कुठे हाल काढलेत? परवा एका आईने पुन्हा तेच विचारलं म्हणून २०२४ मधली एक केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मुलगी २१ ची, एलसॅट म्हणजे लॉ स्कूलची प्रवेश परीक्षा छान गेलेली, पर्सनल स्टेटमेंट म्हणजे अर्जातला मुख्य निबंध तयार. डायव्हर्सिटीचा ड्राफ्ट आणला त्यात गणपती, ढोल-ताशा, आजीच्या पुरणपोळ्या. मी विचारलं, अगं यात तू कुठे आहेस, हेच पान इथल्या एडिसन गावातली कुठलीही मराठी मुलगी देईल. ती रडवेली झाली, म्हणाली माझ्याकडे लिहिण्यासारखं काहीच नाहीये काकू, बाबा आयटीत, घर आहे, गाडी आहे, मी कसली डायव्हर्स.

मग लॅपटॉप मिटला आणि नुसत्या गप्पा मारत बसलो. घरात तुझ्याकडे काय काम असायचं? म्हणाली, निळी फाइल. कसली गं? तर व्हिसाची. २००७ ला ती चार वर्षांची असताना हे लोक आले, बाबा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, ती आणि आई एच-४ वर, म्हणजे त्यांच्या कुटुंबाला मिळणाऱ्या व्हिसावर. आई सांगलीला कोर्टात प्रॅक्टिस करायची, इथे एच-४ वर तेव्हा कामाची परवानगीच नव्हती, म्हणजे वकीलबाई आठ वर्षं घरात. २०१५ च्या मे महिन्यात नियम बदलला, नवऱ्याचं किंवा बायकोचं आय-१४०, म्हणजे कंपनीने ग्रीन कार्डसाठी केलेला अर्ज, मंजूर असेल तर वर्क परमिट मागता यायला लागलं. ते कार्ड आलं तेव्हा ही बारा वर्षांची. पाकीट हिनेच फोडलं, नाव, जन्मतारीख, एक्स्पायरी तीनदा ताडून पाहिली, एक्स्पायरीची तारीख निळ्या फाइलवर लाल पेनने लिहिली आणि मग आईला हाक मारली. तेव्हापासून घरातल्या सगळ्या तारखा हिच्याकडे, पासपोर्ट काय, आय-९४ म्हणजे देशात राहायच्या मुदतीची नोंद काय. आणि भारतीयांची ग्रीन कार्डची रांग एवढी लांब की ही २१ ची झाली तरी नंबर आला नाही, मुलांना २१ पर्यंतच चालणारा एच-४ सोडून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जावं लागलं. हे सगळं ती इतक्या सहज सांगत होती, जणू घरोघरी असंच असतं.

दुसरा ड्राफ्ट आला तो सगळा आईवर. वाचताना माझे डोळे भरले खरं, पण तिला म्हटलं, अर्ज आई करत नाहीये, तू करतेयस. नियमातल्या एका ओळीवर अख्खं घर कसं हलतं हे तू बाराव्या वर्षी पाहिलंस, वर्गात इमिग्रेशनचा कायदा शिकवतील तेव्हा तुला त्यात काय दिसेल ते लिही.

मग तिची खरी भीती बाहेर आली, हे लिहिलेलं आता चालतं का? २९ जून २०२३ ला सुप्रीम कोर्टाने हार्वर्ड आणि नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांच्या खटल्यात सांगितलं की प्रवेश देताना वंश बघायचा नाही, ते ऐकून बरीच मुलं घाबरलीत. पण त्याच निकालात चीफ जस्टिस रॉबर्ट्स यांनी लिहिलंय की वंशाचा तुमच्या आयुष्यावर कसा परिणाम झाला हे तुम्ही सांगितलंत तर ते विचारात घेता येतं, फक्त ते तुमच्या स्वभावाशी किंवा क्षमतेशी जोडलेलं हवं. त्यानंतर बऱ्याच लॉ स्कूलनी प्रश्नाची भाषाच बदलली, कोणी अनुभव विचारतं, कोणी दृष्टिकोन, त्यामुळे प्रत्येकाचा प्रश्न नीट वाचा, एकच निबंध सगळीकडे चिकटवू नका. बहुतेक ठिकाणी तो ऐच्छिक असतो, साधारण पानभर. पर्सनल स्टेटमेंटमध्ये सगळं येऊन गेलं असेल तर देऊच नका, ओढूनताणून लिहिलेलं लगेच कळतं. हिच्या पर्सनल स्टेटमेंटमध्ये हे कुठेच नव्हतं, म्हणून मी आग्रह धरला.

पाठवण्याआधी म्हटलं आईला दाखव, तिचीही गोष्ट आहे त्यात. आईने सावकाश वाचलं आणि एकच दुरुस्ती केली, कार्ड जूनमध्ये नाही, ऑगस्टमध्ये आलं होतं.