डीपीजवळ एक रात्र बस

पोरी,

तुझा प्रबंधाचा आराखडा दोनदा वाचला. गणित चोख आहे. पण तिसऱ्या पानावर ‘वीज फुकट, म्हणून पाण्याची उधळपट्टी’ हे तू गृहीतच धरलंस, तिथे मी अडलो.

२०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचं बिल सरकार भरतं, हे खरं. पण आपल्याकडच्या वावरांत ऑटो स्टार्टर त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. ते लाइनीच्या वेळेमुळे बसले. मोटर चालवणारी थ्री फेज वीज रात्री येणार, आणि हरभऱ्याला ओलीत करायला दोन वाजता, थंडीत, सापांच्या अन् रानडुकरांच्या भ्यानं कोण जाणार? ऑटो लावून माणूस घरी झोपतो. लाइन आली की मोटर आपोआप सुरू होते. पाट फुटला तरी चालतच राहते. उद्या तू युनिटला दर लावलास आणि लाइन रात्रीचीच ठेवलीस, तर कितीसं पाणी वाचेल? तुझ्या समीकरणात तासच नाहीत. वाईट वाटलं, कारण तू याच मातीतली आहेस.

पुढचं बघ. लाइन येताच एका डीपीवरच्या, म्हणजे वावरातल्या ट्रान्सफॉर्मरवरच्या, साऱ्या मोटरी एकदम उचल घेतात, व्होल्टेज पडतं, कॉइल जळते, कधी डीपीच जाते. आमच्या बाबांनी एकाच हंगामात मोटर दोनदा भरून आणली होती. मोटरीला कपॅसिटर जोडला की व्होल्टेज सावरतं, पण एकट्यानं लावून भागत नाही, सगळ्यांनीच लावावा लागतो. एकाच्या वागण्याचा भुर्दंड दुसऱ्याला कसा बसतो, हे इंग्रज अर्थशास्त्रज्ञ पिगूनं १९२० मध्येच मांडलं आणि त्यावर कर सुचवला. डीपीवर तो कर वसूल कोण करणार? इथे २००९ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलच्या मानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम अधिक कामाच्या: सामाईक गोष्ट लोक स्वतः नियम करून सांभाळू शकतात. आपल्या गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावानं जंगलाच्या बाबतीत ते करून दाखवलंय. तिथे जाऊन ये.

आकडेही तपासून घे. मीटर नसलेल्या पंपांचा वापर अंदाजानं लिहितात. त्यात गळती, चोरी सगळं खपून जाऊ शकतं. सुरतेत २०१९ मध्ये धूलिकणांच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू झाला, म्हणजे कारखाने धूलिकण सोडण्याचे परवाने आपसांत विकू-घेऊ लागले, तोही धुराड्यांवर सतत मोजणारी यंत्रं होती म्हणून.

डिसेंबरात ये, घोंगडी मी देतो. वहीत चार रकाने आखून ठेव: लाइन कधी आली, व्होल्टेज किती, कुणाची मोटर सुरू झाली, आणि तिथे माणूस होता का. टॉर्च आण. चप्पल नको, बूट घाल. धुऱ्यावर गवत फार आहे.

तुझा,
सर