फोटोग्राफीतलं काही कळत नसेल तर फोटोंचं प्रदर्शन पाहायला जावं का?

जा, आणि आई-बाबांना नक्की न्या. तुमचा प्रश्न असा, की सावंतवाडीत मोती तलावाकाठच्या सांस्कृतिक केंद्रात कोकणावरच्या फोटोंचं प्रदर्शन भरलंय, घरात आई-बाबांसकट कुणाला फोटोग्राफीतलं काही कळत नाही, सोबत आठ वर्षांची मुलगी, मग देवगडहून एवढ्या लांब यायचं का? मी जमेल तेव्हा अशी प्रदर्शनं पाहत आलेय. कोकणातला फोटो वाचायला जी माहिती लागते, तिच्यातली बरीचशी तुमच्या आई-बाबांकडे आधीच आहे, असं मला मनापासून वाटतं.

गेल्या खेपेला रापणीचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरण्याचा, एक मोठा फोटो होता. किनाऱ्यावर दोरखंड ओढणाऱ्या माणसांच्या दोन रांगा, मागे समुद्र. मी त्या रांगांची तिरकी रेघ, दोरखंडाचा ताण असं काहीबाही बघत होते. शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "पाणी बघ मगे, अजून गढूळ आसा. फोटो दसऱ्याआदलो." मग कोण दोरी ओढतंय आणि कोण नुसता हात लावून उभा आहे, हेही त्यांनी बोट दाखवून सांगितलं. पायांकडे बघ म्हणाले, ज्याची टाच वाळूत रुतलीय तो खरा ओढणारा. माझ्या नजरेला त्यातलं काहीच दिसलं नव्हतं. तुमच्या बाबांना फोटोसमोर बोलतं करा. शांतता पाळायची म्हणून गप्प बसवू नका.

आता वेळेचं. १९ ऑगस्ट १८३९ ला पॅरिसमध्ये फोटोग्राफीचं तंत्र जगजाहीर झालं, म्हणून त्या सुमाराला गावोगावी अशी प्रदर्शनं भरतात आणि आपल्याकडे ती ऐन पावसात येतात. पाऊस कोसळत असताना काही अडचण नसते. तो उघडला, की तळ्याच्या पाण्यावरून उजेड खिडक्यांतून आत येतो आणि फ्रेमच्या काचेवर पडतो. मग काळोख्या फोटोत आपलाच चेहरा दिसायला लागतो. त्यामुळे दुपार टाळा. सकाळी दार उघडतानाच जा, नाहीतर दिवे लागल्यावर. दुपारी चितार आळीत लाकडी खेळणी बघायला मुलीला न्या, तिचा कंटाळाही जाईल.

आत गेल्यावर सगळे फोटो बघायचा हट्ट नको. आधी एक चक्कर सरळ मारा, कुठे पाय थबकतो ते लक्षात ठेवा, आणि मग त्या चार-पाच फोटोंकडे परत या. फोटोच्या कर्णाच्या साधारण दीडपट अंतरावर उभं राहिलं, की सगळा फोटो एका नजरेत मावतो. नंतर जवळ जा. फोटो मोठ्यांच्या नजरेच्या उंचीवर टांगलेले असतात, म्हणजे मध्य जमिनीपासून दीडेक मीटरवर. मुलीला खालून काचेची चमकच जास्त दिसेल, तेव्हा तिला उचलून घ्या. आणि पाटीवरचं नाव वाचायच्या आधी तिला विचारा, इथे काय चाललंय?

दशावताराचे फोटो असतील तर तिथे जरा रेंगाळा. रात्रीच्या नाटकात उजेड कमी, त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं ठेवावं लागतं. सेकंदाचा दहावा भाग जरी ठेवलं, तरी पेटीवाला जागच्या जागी बसलेला म्हणून स्पष्ट येतो आणि गिरकी घेणारा राक्षस नुसता रंगाचा फराटा होतो. पुष्कळांना तो फोटो बिघडलेला वाटतो. पण नाटक पाहताना आपल्या डोळ्यांना जो वेग जाणवतो, तो त्या फराट्यातच उतरलेला असतो. मला तसले फोटो फार आवडतात.

मात्र एक गोष्ट मी प्रत्येक वेळी शोधते: काय नाही? लाल माती, कौलारू घर, माडांची रांग, सूर्यास्त हे असतंच, आणि सुंदरही असतं. पण सडा, म्हणजे कातळाचं पठार, कापत गेलेली चिरेखाण क्वचित दिसते. वर्षभर कुलूप असलेलं आणि गणपतीत उघडणारं घर दिसत नाही. आंब्याच्या बागांत राखणीला येणारे नेपाळी कामगार तर जवळजवळ नाहीतच. तुम्ही देवगडचे, तुम्हाला हे माझ्याहून जास्त ठाऊक. अभिप्राय वहीत 'छान' एवढंच लिहून येऊ नका. कुठला फोटो भावला, कुठला असायला हवा होता ते लिहा. फोटोग्राफर ती वही वाचतात, आणि ते स्वतः तिथे असले तर सरळ विचारा. हा फोटो कसा मिळाला, हे सांगायला त्यांना आवडतं. मोबाईलवर फोटो काढायचा असेल तर आधी परवानगी घ्या, फ्लॅश बंद ठेवा.

कातळशिल्पांचे, म्हणजे सड्यावरच्या कातळात कोरलेल्या जुन्या आकृत्यांचे, फोटो लागले असतील तर मुलीला ते हमखास दाखवा. २०२२ पासून कोकणातली काही कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत आहेत. राजापूर तालुक्यातल्या कशेळीचा हत्ती जवळपास अठरा मीटर लांब आहे, जमिनीवर उभं राहून तो पूर्ण दिसतच नाही, वरून काढलेल्या फोटोतच कळतो. खोदकाम उथळ, त्यामुळे डोक्यावरच्या उन्हात रेघा पुसट होतात आणि तिरप्या उन्हात सावली धरून उठून दिसतात. फोटोतल्या सावल्या किती लांब आहेत यावरून तो किती वाजता काढला, हे तिला ओळखायला सांगा. तिला गोडी लागली तर तुमच्या शेजारच्या मालवण तालुक्यातल्या कुडोपीला घेऊन जा, पण आत्ता नको. पावसाळ्यात सड्यावर गवत आणि पाणी असतं. दिवाळीनंतर, उन्हं कलताना जा, आणि चपला कडेला काढून शिल्पांवर पाय न देता बघा.