कड हिरवी का राहते?

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला व्हिडिओ एडिटिंग आणि व्हीएफएक्स (दृश्य परिणाम) हे विषय शिकतो आहे. ग्रीन स्क्रीनपुढे चित्रित केलेल्या मित्राला मी संध्याकाळच्या रस्त्याच्या दृश्यात बसवले. पण त्याच्या केसांभोवती हिरवट कड राहते आणि तो वरून चिकटवल्यासारखा दिसतो. महागडे सॉफ्टवेअर शिकल्याने हे सुधारेल का? आणि दोन्ही विषयांपैकी आधी कशावर भर द्यावा?

उत्तर : सॉफ्टवेअर बदलून हा दोष जाणार नाही, कारण तो बहुधा चित्रीकरणातच शिरलेला आहे. पडद्यावरून परावर्तित झालेला हिरवा प्रकाश केसांवर आणि खांद्यांवर सांडतो. यालाच स्पिल म्हणतात. मित्राला पडद्यापासून दोन-तीन मीटर पुढे उभे करा, त्याच्यासाठी आणि पडद्यासाठी वेगवेगळे दिवे लावा आणि पडद्यावरचा उजेड सगळीकडे सारखा ठेवा. कीइंगचे, म्हणजे हिरवी पार्श्वभूमी काढून टाकण्याचे, निम्मे काम तिथेच होऊन जाते. चित्रीकरण कोणत्या स्वरूपात केले तेही तपासा. ४:२:० पद्धतीने साठवलेल्या व्हिडिओत उजेडाची माहिती प्रत्येक पिक्सेलची असते, पण रंगाची माहिती चार पिक्सेलांमागे एकदाच उरते आणि त्यामुळे केसांची कड दातेरी निघते.

चिकटवल्यासारखे दिसण्याचे कारण मात्र वेगळे आहे. शॉटची एकच फ्रेम थांबवून मित्राच्या केसांतला सर्वांत गडद भाग रस्त्यावरच्या सावलीशी ताडून पाहा. संध्याकाळच्या दृश्यात दूरची सावली क्वचितच पूर्ण काळी असते, तिच्यात हवेचा धुरकटपणा आणि निळसर झाक मिसळलेली असते. तुमच्या मित्राचे केस मात्र स्टुडिओतल्यासारखे कोळशागत काळे असतील, तर डोळा ती फसवणूक तत्काळ पकडतो. त्यानंतर प्रकाशाची दिशा, कॅमेऱ्याची उंची, पायाखालची सावली आणि शेवटी ग्रेन (चित्रातला बारीक रवाळपणा), या क्रमाने पाहावे. विद्यार्थी बहुतेक वेळा ग्रेनपासून सुरुवात करतात, आणि मला ते पाहून खरोखर हळहळ वाटते, कारण मेहनत चुकीच्या जागी खर्च होते.

भर आधी एडिटिंगवर द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर पाच सेकंदांच्या शॉटमध्ये १२० फ्रेम होतात. रोटोस्कोपिंग, म्हणजे प्रत्येक फ्रेममधली आकृती गिरवून वेगळी करण्याचे काम, करणाऱ्याला त्या सगळ्या तपासाव्या लागतात, आणि एडिटिंगमध्ये त्यांतले दोनच सेकंद लागणार असतील, तर ७२ फ्रेमवरचे श्रम वाया जातात. दोन माणसांचा साधा संवाद घ्या. आधी चित्र आणि आवाज एकाच जागी कापा. मग दुसऱ्याचा आवाज त्याचा चेहरा दिसण्यापूर्वी अर्धा सेकंद सुरू होऊ द्या. हा जे-कट. ऐकणाऱ्याचा चेहरा किती वेळ धरून ठेवायचा, हे या सरावातून जितके कळते तितके कोणत्याही इफेक्टमधून कळत नाही.

रोटोस्कोपिंगचे पेटंट अमेरिकी अॅनिमेशनकार मॅक्स फ्लायशर यांना १९१७ मध्ये मिळाले, आणि फ्रेममागून फ्रेम आकृती गिरवण्याचे त्याचे मूळ तत्त्व आजही तेच आहे. संपूर्ण शरीराला एकच आकार देऊ नका. डोके, दंड, हात, तळवा असे भाग वेगळे करा आणि हालचाल जिथे दिशा बदलते तिथे आधी कीफ्रेम (आकाराची जागा पक्की करणारी खूण) लावा.

सॉफ्टवेअरसाठी एवढेच : ब्लेंडर मोफत आहे, दा विंची रिझॉल्व्हचीही मोफत आवृत्ती आहे, आणि पदवीच्या अभ्यासाला दोन्ही पुरतात. पुढच्या वेळी रस्त्याचे दृश्य आधी चित्रित करा, कॅमेऱ्याची उंची, लेन्स आणि उजेडाची दिशा वहीत नोंदवा, आणि मित्राला त्याच नोंदींप्रमाणे पडद्यापुढे उभे करा.