माऊस वाचला म्हणजे माणूस वाचेल असं नाही

तुझा मेल वाचला. अफ्लाटॉक्सिन बी१ (बुरशीचं विष) दिल्यावर रॅटच्या हेपॅटोसाइट्समध्ये, म्हणजे लिव्हरच्या सेल्समध्ये, प्रोटीन्स धडाधड बदलली आणि तेवढ्याच डोसला माऊसच्या सेल्समध्ये जवळपास काहीच नाही, त्यामुळे प्रयोग फसला असं तुला वाटतंय. मला तसं वाटत नाही, माझ्या मते तुझ्या कामात सगळ्यात मोलाचं हेच आहे.

बघ, सायटोक्रोम पी४५० ही एन्झाइम्स दोघांच्याही लिव्हरमध्ये अफ्लाटॉक्सिनचं इपॉक्साइड, म्हणजे त्याचं घातक रूप, बनवतात आणि ते डीएनएला जाऊन चिकटतं. खरी गंमत पुढच्या पायरीवर आहे. माऊसकडे अल्फा क्लासचं एक ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज (जीएसटी, विष निकामी करणारं एन्झाइम) कायम भरपूर असतं, ते इपॉक्साइड डीएनएपर्यंत जायच्या आतच त्याचा निकाल लावतं. रॅटकडेही त्या कामाचं एन्झाइम आहे पण एरवी अगदी कमी, इथॉक्सिक्विन किंवा ओल्टिप्राझ ही केमिकल्स दिली की ते वाढतं आणि मग रॅटसुद्धा चांगला तग धरतो. आणि माणूस? आपल्या लिव्हरमधल्या अल्फा जीएसटींना हे इपॉक्साइड नीट पकडताच येत नाही, त्यामुळे माऊसचा डेटा बघून निर्धास्त व्हायचं नाही, अफ्लाटॉक्सिन आयएआरसी या कॅन्सर संशोधन संस्थेच्या ग्रुप १ मध्ये, म्हणजे माणसात नक्की कॅन्सर करणाऱ्यांच्या यादीत, उगाच नाहीये.

आता याच्या अगदी उलट केस. डब्ल्यूवाय-१४,६४३ सारखं पेरॉक्सिसोम प्रोलिफरेटर (सेलमधले पेरॉक्सिसोम नावाचे कण वाढवणारं केमिकल) रॅट-माऊसला दीर्घकाळ दिलं की लिव्हर मोठं होतं, ट्यूमर येतात. ते ज्या रिसेप्टरमार्फत काम करतं तो पीपीएआर-अल्फा काढून टाकलेल्या माऊसमध्ये हे होत नाही. आणि त्या जागी माणसाचं पीपीएआर-अल्फा घातलं तर फॅट जाळणारी एन्झाइम्स वाढतात पण सेल्स तशा वाढत सुटत नाहीत, ट्यूमरही फार कमी येतात!! रिसेप्टर तोच, पण अर्धाच प्रतिसाद. म्हणून "माणसाच्या जवळचा प्राणी कोणता" हा प्रश्न मला पटत नाही, कुठल्या पायरीवर कुठलं प्रोटीन वेगळं आहे ते विचार.

पण त्याआधी तुझ्या सेल्स अजून लिव्हरच्या राहिल्यात का ते बघ. प्लेटवर चांगल्या हेपॅटोसाइट्स बहुकोनी दिसतात, काहींमध्ये दोन न्यूक्लियस, दोन सेल्सच्या मधे चकचकीत रेघ. त्या चपट्या होऊन पसरायला लागल्या की समजायचं पी४५० उतरलंय, साध्या कल्चरमध्ये एक-दोन दिवसांत बरंचसं जातं, आणि मग केमिकल ॲक्टिव्हेटच होत नाही आणि आपण मात्र "स्पीशीज रेझिस्टंट आहे" असं लिहून मोकळे होतो. सेल्स चिकटल्या की लगेच डोस दे आणि डीएनए ॲडक्ट्स (डीएनएला चिकटलेलं विष) सोबतच मोज.

वेस्टर्न ब्लॉटमध्ये (अँटिबॉडीने प्रोटीन ओळखायची टेस्ट) रॅटचा बँड गडद आणि माऊसचा फिका दिसला म्हणून प्रोटीन कमी-जास्त ठरवू नकोस, अँटिबॉडी दोघांना सारखी पकडेलच असं नाही. प्रत्येक स्पीशीजची तुलना तिच्याच डीएमएसओ कंट्रोलशी (विषाशिवाय नुसतं सॉल्व्हंट दिलेल्या सेल्सशी) कर. प्रत्येक लेनमध्ये प्रोटीन सारखं भरलंय का (लोडिंग) हे बघायला ॲक्टिन या प्रोटीनवर विसंबू नकोस, सेल पसरते तसं तेही वाढतं, टोटल प्रोटीन स्टेन घे. ह्यूमन सेल्स मिळाल्या तर एकाच डोनरवर थांबू नकोस, माणसामाणसांत पी४५० मध्ये खूप फरक असतो.

पुढच्या बॅचला डोस द्यायच्या आधी थोड्या सेल्स बाजूला काढून फ्रीज कर आणि त्यात पी४५० आणि जीएसटी दोन्हींची ॲक्टिव्हिटी बघ, आकडे आले की पाठव, मग माऊसच्या त्या रिकाम्या ग्राफवर सविस्तर बोलू.